टाचेमागची घोडशीर आणि शॉकवेव्ह: मशीन कधी, पायरी कधी?

हजरतगंजात संध्याकाळी रमतगमत फिरण्याला लखनौकर ‘गंजिंग’ म्हणतात. आम्हा निवृत्त फौजींचा तो रोजचा कार्यक्रम. तिथे एक प्रश्न हमखास येतो, आणि तुमच्या पत्रांतूनही तोच येतो: ‘टाचेमागची नस सहा महिने दुखतेय, शॉकवेव्ह घेऊ का?’ मी डॉक्टर नाही. पण पायदळात आयुष्य गेले, त्यामुळे पाय हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. तज्ज्ञांकडून समजून घेतलेले आज सोप्या शब्दांत सांगतो.

आपण जिला घोडशीर म्हणतो, ती शीरही नाही आणि नसही नाही. ती पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी कंडरा, म्हणजे ऍकिलिस टेंडन. शरीरातली सर्वांत जाड कंडरा हीच. दुखणे जुने झाले की तिथे नुसती सूज नसते; आतल्या तंतूंची वीण विस्कटलेली असते. म्हणून सकाळची पहिली पावले जड जातात, आणि गोळ्या खाऊन, आराम करून तात्पुरतेच बरे वाटते.

आता शॉकवेव्ह. नावाला घाबरू नका, हा विजेचा शॉक नाही. या दाबलहरी आहेत. डॉर्नियर ही मूळची जर्मन विमान कंपनी; तिच्या डिझाइनची विमाने आपल्या शेजारी कानपूरला हाल बनवते. याच कंपनीच्या संशोधनातून मूतखडा बाहेरूनच फोडणारे यंत्र तयार झाले आणि 1980 साली म्युनिकमध्ये ते पहिल्यांदा रुग्णावर वापरले गेले. पुढे कमी ताकदीच्या लहरी कंडरांसाठी वापरात आल्या. इथे काही फोडायचे नसते. वेदना कमी व्हावी आणि पेशींना दुरुस्तीची चालना मिळावी, हा हेतू असतो. साधारण आठवड्याला एक अशा तीन बैठका, प्रत्येकीत सुमारे 2000 ठोके, काही मिनिटांचे काम. ठोके बोचतात, पण भूल लागत नाही. फरक कळायला काही आठवडे जातात.

पण मंडळी, खरा मुद्दा पुढे आहे. 1998 साली स्वीडनच्या हाकान अल्फ्रेडसन यांनी एक साधा व्यायाम मांडला. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहायचे, चांगल्या पायाच्या जोरावर वर जायचे आणि दुखऱ्या पायावर भार घेत टाच हळूहळू खाली सोडायची. गुडघा सरळ ठेवून 15 चे तीन फेरे, वाकवून तीन फेरे, दिवसातून दोनदा, 12 आठवडे. म्हणजे रोज 180 वेळा! सोपे वाटू लागले की पाठीवर पिट्ठू चढवायचा.

मग मशीन श्रेष्ठ की पायरी? जर्मनीचे डॉ. रोम्पे यांनी हे तपासले. 2007 च्या अभ्यासात चार महिन्यांनी नुसता व्यायाम करणाऱ्यांपैकी 60 टक्के, नुसती शॉकवेव्ह घेणाऱ्यांपैकी 52 टक्के आणि नुसती वाट पाहणाऱ्यांपैकी 24 टक्के लोकांना चांगला आराम पडला. 2009 मध्ये दोन्हींची जोडी लावली, तेव्हा आकडा 82 टक्क्यांवर गेला. नुसत्या व्यायामाचा 56 होता. हे झाले कंडरेच्या मधल्या भागाच्या दुखण्याचे. दुखणे अगदी हाडाशी, कंडरा चिकटते तिथे असेल, तर 2008 च्या अभ्यासात शॉकवेव्ह व्यायामापेक्षा सरस ठरली. अशा वेळी टाच पायरीखाली सोडू नका, सपाट जमिनीवरच व्यायाम करा.

फौजी भाषेत सांगायचे तर शॉकवेव्ह हा तोफखाना आहे. तो वाट मोकळी करून देतो, पण ठाणे घ्यायला पायदळच लागते. म्हणून कोणी बैठकांचे पॅकेज सांगितले, तर आधी विचारा: ‘दुखणे नेमके कुठे आहे? आणि सोबत व्यायाम कोणता?’ उत्तर नसेल तर पैसे खिशातच राहू द्या. व्यायाम तीन महिने नेटाने करूनही अडले असेल, तर शॉकवेव्हचा विचार जरूर करा.

काही खबरदारी. गर्भारपण, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, त्या जागी जंतुसंसर्ग किंवा गाठ असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. कंडरेत स्टेरॉइडचे इंजेक्शन घेण्याची घाई करू नका, त्याने ती तुटू शकते. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकांनीही हा धोका वाढतो, साठीनंतर विशेष. म्हणून टाचेचे दुखणे असल्याचे औषध लिहिणाऱ्या डॉक्टरांना सांगा. आणि मागून कोणी लाथ मारल्यासारखे वाटून ‘टक्’ असा आवाज झाला, चवड्यावर उभे राहता येईना, तर मशीन नको, व्यायामही नको. थेट हाडांच्या डॉक्टरांकडे जा, त्याच दिवशी.

घरात पायरी असतेच आणि ती फुकट असते. फिजिओथेरपिस्टकडून एकदा पद्धत नीट शिकून घ्या आणि बारा आठवडे तिला द्या. पुढच्या भागात तळपायाच्या दुखण्याबद्दल बोलू. जय हिंद!