घुबडांना घरे, उंदरांना धाक

संध्याकाळी छपरावर घुबड बसले की आपल्या घरातली म्हातारी माणसे दगड शोधतात. अपशकुन! हीच समजूत यार्देन नदीच्या दोन्ही काठांवरच्या शेतकऱ्यांतही जुनी आहे. तरीही त्याच शेतकऱ्यांनी पुढे घुबडांसाठी मुद्दाम घरे उभारली. त्याची ही हकिगत.

उत्तर इस्राएलमध्ये हुला नावाचे खोरे आहे. तिथल्या लसूणघासात उंदीर माजले, म्हणून 1975-76 च्या हिवाळ्यात शेतांत मोनोक्रोटोफॉस टाकण्यात आले. होय, तेच औषध, जे आपल्याकडे वर्षानुवर्षे कापसावर फवारले गेले. विषारी उंदीर खाऊन शेकडो शिकारी पक्षी मेले. म्हणजे उंदीर मारणारे जे फुकटचे राखणदार, तेच आधी गेले.

पुढे 1983 साली बेथशानच्या खोऱ्यात (शौल राजाचे प्रेत ज्या बेथशानच्या तटावर टांगले, तेच हे) स्दे एलियाहू या वसाहतीतल्या शेतकऱ्यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी शेतांत आणि खजुराच्या बागांत लाकडी पेट्या लावल्या. गव्हाणी घुबड स्वतः घरटे विणत नाही. झाडाची ढोली, पडके घर, चर्चचे घंटाघर, मिळेल ती अंधारी जागा ते धरते. उघड्या शेतात तशी जागा नसते, म्हणून उंदीर भरपूर असूनही घुबड टिकत नाही. पेटीने ती अडचण दूर केली. दिवसा शिकार करणारा खरूची नावाचा छोटा ससाणाही अशा पेटीत राहतो. त्यामुळे रात्रपाळी घुबडाची आणि दिवसपाळी खरूचीची अशी वाटणी झाली.

घुबडाची एक जोडी वर्षाला 2 ते 6 हजार उंदीर मारते, असा तिथल्या अभ्यासकांचा अंदाज आहे. घुबड उंदीर अख्खा गिळते आणि न पचलेली हाडे-केस गोळी करून ओकते. त्या गोळ्या फोडून शाळेतली मुले कवट्या मोजतात. आपल्या मुलांनाही हे आवडेल, हात मात्र साबणाने धुवावेत!

तेल अवीव विद्यापीठाचे योसी लेशेम या कामामागे लागले आणि पेट्या देशभर गेल्या. पण एक पेच होता. इकडे पेटीत वाढलेले घुबड नदी ओलांडून पलीकडे विषारी उंदीर खाऊन मेले, तर उपयोग काय? नदी ही माणसांची सीमा, पाखरांची नव्हे. म्हणून 2002 पासून जॉर्डनचे शेतकरीही सामील झाले. त्यासाठी तिथले निवृत्त सेनाधिकारी मन्सूर अबू रशीद यांनी खटपट केली. एकेकाळी समोरासमोर लढलेले देश घुबडाच्या पेटीपाशी बसून बोलले, याचे मला विशेष वाटते.

घुबडाने उंदीर संपत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. ते आटोक्यात राहतात. बिळे बुजवणे, बांध साफ ठेवणे, धान्य झाकणे हे आपल्यालाच करावे लागते. उंदराच्या लघवीतून लेप्टो होतो, तेव्हा पायाला जखम असेल तर पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात उतरू नका, आणि ताप आल्यास दवाखाना लांबणीवर टाकू नका.

गव्हाणी घुबड आपल्या गावांतही आहे. तरुणांनी पेटी करायची ठरवली तर ती साधी असावी: आत घुबडाला पिलांसह वावरता येईल एवढी जागा, एका बाजूला वीतभर रुंदीचे भोक, तळाला पाणी निथळायला छिद्रे. दुपारचे ऊन थेट भोकात येऊ देऊ नका. उन्हात तापलेल्या पेटीत पिले कमी जगतात, असे इस्राएलमध्ये आढळले. आत अंडी असताना सारखे डोकावू नका. आणि ज्या शेतात पेटी आहे तिथे, आणि शेजाऱ्याच्या शेतातही, उंदरांचे विष नको. त्यासाठी शेजाऱ्याशी आधी बोलून घ्यावे लागेल. पेटी ठोकण्यापेक्षा हेच काम जड आहे.