बॅकअपची रंगीत तालीम केलीत का?

सबमिशनच्या आदल्या रात्री कुणाचा लॅपटॉप बसला, की हॉस्टेलवर पहिला प्रश्न येतो, ‘बॅकअप आहे ना?’ आपणही ठणकावून सांगतो, ‘आहे की!’ पण तो बॅकअप शेवटचा उघडून कधी पाहिला होतात? आठवत नसेल, तर गिटलॅबची गोष्ट वाचाच.

जगभरातले डेव्हलपर्स आपला कोड जिथे ठेवतात, अशी ही साइट. ३१ जानेवारी २०१७ची गोष्ट. स्पॅममुळे डेटाबेसवर लोड आला होता. मुख्य सर्व्हरवरचा डेटा दुसऱ्या सर्व्हरवर सतत कॉपी होत राहतो, ते रेप्लिकेशन बंद पडलं होतं. उशिरापर्यंत त्यावर खपत बसलेल्या एका इंजिनीअरने ठरवलं, की दुसऱ्या सर्व्हरवरचं फोल्डर साफ करून कॉपी पहिल्यापासून सुरू करू. कमांड दिली आणि एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, अरे, आपण तर मुख्य सर्व्हरवर आहोत! कमांड लगेच थांबवली, पण तोवर सुमारे ३०० जीबींपैकी जेमतेम साडेचार जीबी उरले होते.

तुम्ही म्हणाल, एवढ्या कंपनीकडे बॅकअप असणारच. होते ना! कागदावर पाच वेगवेगळ्या सोयी होत्या. त्यातली एक म्हणजे डेटाबेसचा डम्प रोज अॅमेझॉनच्या क्लाउडवर जायचा. तिथे जाऊन पाहिलं, तर काहीच नाही. डेटाबेस होता पोस्टग्रेसच्या ९.६ व्हर्जनवर आणि डम्प घेणारं टूल ९.२चं. त्यामुळे डम्प फेल होत होता. तसं कळवणारे ईमेलही सुटत होते, पण नीट साइन केलेले नसल्याने ते वाटेतच नाकारले जात होते. थोडक्यात, आपल्याकडे बॅकअप नाही याचा कुणालाच पत्ता नव्हता.

शेवटी कामी आला तो नशिबाने सापडलेला एक स्नॅपशॉट. त्याच इंजिनीअरने साधारण सहा तासांपूर्वी टेस्टिंगसाठी तो हाताने घेतला होता. पण तो होता ट्रायलच्या सर्व्हरवर आणि तिथल्या नेटवर्क डिस्कचा स्पीड सेकंदाला ६० मेगाबिटच्या आसपास. नुसत्या कॉपीलाच सुमारे १८ तास लागले! मधल्या सहा तासांतल्या अंदाजे ५ हजार प्रोजेक्ट्स, ५ हजार कमेंट्स आणि ७०० नव्या अकाउंट्सच्या नोंदी गेल्या. कोडच्या रिपॉझिटरीज वेगळ्या होत्या, म्हणून त्या वाचल्या. एक मात्र मानायला हवं, कंपनीने काही लपवलं नाही. दुरुस्तीचं काम चक्क यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं.

आता आपलं बघू. फायनल इयर प्रोजेक्टचा डेटाबेस असो, नाहीतर कॉलेज फेस्टच्या रजिस्ट्रेशनचा, डम्प घेऊन झाला की आपण निर्धास्त होतो. एकांकिकेच्या प्रयोगाआधी रंगीत तालीम करतोच ना? मग रिस्टोअरचीही करा. डम्पची फाइल मित्राच्या लॅपटॉपवर न्या. तिथे नवा, रिकामा डेटाबेस तयार करा आणि त्यात रिस्टोअर करा. चालू डेटाबेसवर हा प्रयोग नको! मग टेबलं सगळी आलीत का, रो तेवढ्याच आहेत का, मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं तर दिसत नाहीत ना, ते बघा. प्रोजेक्ट त्याच डेटाबेसला जोडून एकदा लॉगिन करा. सगळ्याला किती वेळ लागला तेही लिहून ठेवा, कारण व्हायवा दहाला असेल आणि रिस्टोअरला चार तास लागणार असतील, तर तो बॅकअप असून नसल्यासारखाच.

आणखी एक. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. इकडे चुकून डिलीट केलं, की तिकडूनही जातं. म्हणून एक कॉपी पेन ड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर वेगळी ठेवा. आणि काहीही डिलीट करण्याआधी आपण नेमक्या कुठल्या मशीनवर आहोत, ते दोनदा वाचा. जमलं तर डिलीट करूच नका, फोल्डरचं नाव बदला आणि काम झाल्यावर निवांत काढून टाका.

तालमीला लागेल फार तर एक संध्याकाळ. या वीकेंडला करून टाका. मग कुणी विचारलं, ‘बॅकअप आहे ना?’ तर खुशाल सांगा, ‘आहे, आणि उघडून पाहिलाय!’