कच्च्या वहीतलं संगीत

पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' हा अल्बम मार्च १९७३ मध्ये दुकानांत आला. पण त्यातली सगळी रचना लंडनच्या रेनबो थिएटरात फेब्रुवारी १९७२ मध्येच श्रोत्यांपुढे वाजवली गेली होती. कुणीतरी ती चोरून टेप केली आणि खरा अल्बम येण्याआधीच तिची बेकायदा रेकॉर्ड बाजारात फिरू लागली. ते ध्वनिमुद्रण माझ्या संग्रहातलं सर्वांत लाडकं.

मंडळात कुणी छंद विचारला की मी जरा चाचरतच सांगते, सत्तरच्या दशकातल्या प्रोग्रेसिव्ह रॉक बँडच्या मैफलींची अनधिकृत ध्वनिमुद्रणं जमवते. पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "अगं, पण यांच्या रेकॉर्ड विकत मिळतात ना?"

मिळतात, आणि त्या मी घेतेही. पण मी शाळेत मराठी शिकवायचे तेव्हाचा एक अनुभव आहे. मुलांच्या पक्क्या वह्या सुबक असत. मूल विचार कसं करतं, हे मात्र कच्च्या वहीतल्या खाडाखोडीत दिसे. अल्बम ही पक्की वही. मैफलीची टेप ही कच्ची.

रेनबोच्या टेपमध्ये 'द ग्रेट गिग इन द स्काय' ऐकायला गेलं, तर क्लेअर टोरीचा तो काळजाला भिडणारा आवाज नाहीच. तिथे ऑर्गन वाजतो आणि त्यावर धार्मिक प्रवचनाचे तुकडे ऐकू येतात. टोरी स्टुडिओत आली ती जानेवारी १९७३ मध्ये. 'ऑन द रन'चा तो सुप्रसिद्ध सिंथेसायझरही नाही. त्या जागी गिटार आणि कीबोर्डची जुगलबंदी आहे. १९७४-७५ च्या टेप लावल्या, तर 'रेव्हिंग अँड ड्रूलिंग' आणि 'यू हॅव गॉट टु बी क्रेझी' अशी दोन गाणी भेटतात. तीच पुढे 'शीप' आणि 'डॉग्ज' होऊन १९७७ च्या 'अ‍ॅनिमल्स'मध्ये आली. शब्द बदलले, चाल घासूनपुसून घेतली. हा प्रवास अधिकृत अल्बममधून कळत नाही.

या छंदाची स्वतःची परिभाषा आहे. मंचावरच्या मिक्सरमधून थेट घेतलेलं ध्वनिमुद्रण ते 'साउंडबोर्ड', प्रेक्षकांत बसून केलेलं ते 'ऑडियन्स'. पहिल्यात वाद्यं स्वच्छ येतात. दुसऱ्यात शेजारच्याचा खोकला येतो आणि सभागृहाचा श्वासही. मग प्रश्न पिढीचा. मूळ टेपवरून केलेली प्रत पहिली पिढी, तिच्यावरून केलेली दुसरी. कॅसेटच्या दर पिढीला खरखर वाढते. एखाद्याचा टेपरेकॉर्डर किंचित वेगाने चालत असेल, तर सगळं गाणं अर्धा सूर वर चढतं. म्हणून जाणकार संग्राहक गाण्याआधी वंशावळ विचारतो.

पूर्वी ही देवघेव टपालाने चाले. दोन कोऱ्या कॅसेट आणि परतीचं टपालखर्च पाठवायचं, समोरचा भरून परत पाठवणार. नियम एकच : पैसे घ्यायचे नाहीत. अनधिकृत ध्वनिमुद्रण विकणं बेकायदा तर आहेच, पण संग्राहकांच्या जगात ते त्याहून वाईट, नीचपणाचं मानलं जातं.

तरीही टोचणी उरतेच : कलाकाराला हे चालतं का? किंग क्रिम्झनच्या रॉबर्ट फ्रिपला मुळीच चालत नसे. मैफल म्हणजे वाजवणारा आणि ऐकणारा यांच्यातला विश्वास, आणि चोरून केलेली टेप तो मोडते, अशी त्याची भूमिका. मला ती पटते. केसरबाई केरकरही ध्वनिमुद्रणाला सहसा राजी नसत, हे आपल्याकडच्या रसिकांना ठाऊकच आहे. पण त्याच फ्रिपच्या कंपनीने १९९८ मध्ये 'कलेक्टर्स क्लब' काढून जुन्या मैफली रसिकांना अधिकृतपणे द्यायला सुरुवात केली, आणि त्यातल्या काही श्रोत्यांच्या टेपवरूनच घ्याव्या लागल्या. दुसरीकडे त्या मैफली उरल्याच नव्हत्या.

जेनेसिसची गोष्टही तशीच. 'द लॅम्ब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे'चा दौरा १९७४-७५ मध्ये झाला, पण त्या भव्य प्रयोगाचं संपूर्ण चित्रण कुणाकडे नाही. १९९८ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका प्रयोगाचं ध्वनिमुद्रण अधिकृतपणे निघालं, तेव्हा पीटर गेब्रिएलने त्यातलं बरंच गायन स्टुडिओत नव्याने केलं. ते ऐकायला छान आहे, पण त्या रात्रीचा गळा हवा असेल तर श्रोत्यांच्या टेपकडेच वळावं लागतं.

आणि माइक मिलार्ड! लॉस एंजेलिसचा हा गडी टेपरेकॉर्डर आत नेता यावा म्हणून व्हीलचेअरवर बसून मैफलीला जायचा. यंत्र खुर्चीत दडवलेलं. २६ एप्रिल १९७५ ची पिंक फ्लॉइडची मैफल त्याने अशीच टिपली. तो १९९४ मध्ये वारला. डिसेंबर २०२५ मध्ये 'विश यू वेअर हिअर'च्या पन्नाशीनिमित्त बँडने तीच टेप स्टीव्हन विल्सनकडून साफसूफ करून घेतली आणि मिलार्डच्या नावासकट प्रसिद्ध केली. पन्नास वर्षांपूर्वी पकडली जाती तर जप्त झाली असती, ती टेप आज अधिकृत ठेवा झाली. यातून चोरी योग्य ठरत नाही, पण जपणाऱ्याचं ऋण मात्र मान्य होतं.

आता घाई आहे ती वेगळीच. कॅसेटवरचा चुंबकीय थर झिजतो, फीत चिकटते आणि ज्यांनी हे टिपलं ती माणसं सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्यामागे त्या खोक्यांचं काय होतं, हे मी इथल्या जुन्या बाजारात पाहते : पौंडाला मूठभर कॅसेट, वर वेष्टनही नाही, तारीखही नाही. तारीख नसलेली टेप म्हणजे नाव नसलेला जुना फोटो.

आपल्याही माळ्यावर असं एखादं खोकं असेल. गणेशोत्सवातलं गाणं, घरगुती बैठक, कुणा काकांनी पहिल्या रांगेत बसून टिपलेली मैफल. या दिवाळीच्या आवराआवरीत ते फेकू नका. आधी प्रत्येक कॅसेटवर ठिकाण आणि साल लिहा. आईबाबांना फोन करून विचारा, त्यांना आठवतंय तोवर. मग संगणकावर उतरवा, आणि गाणारं कुणी हयात असेल तर एक प्रत त्यांना पाठवा. परवानगी मागायला उशीर झाला असेल. कळवायला अजून झालेला नाही.