३८१६५४७२९ : एकमेवाद्वितीय!

१ ते ९ हे सगळे अंक यात एकेकदाच येतात. आता डावीकडून वाचत चला. ३८ ला २ ने भाग जातो, ३८१ ला ३ ने, ३८१६ ला ४ ने, ३८१६५ ला ५ ने... असं करत अख्ख्या संख्येला ९ ने! या नऊ अंकांच्या ३,६२,८८० मांडण्यांत हे फक्त हिलाच जमतं.

मला खरी मजा वाटते ती कारणांत. शून्य नाही, म्हणून पाचव्या जागी ५ च हवा. सम जागांवर सम अंकच बसणार, म्हणजे विषम जागांवर विषम. त्यामुळे चौथा आणि आठवा अंक २ किंवा ६ च! नवाची तर काळजीच नको, अंकांची बेरीज ४५.

शेवटी शून्य जोडा, १० नेही भाग जातो.