केस गळतात की तुटतात?



२०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात काही गावांत लोकांचे केस अचानक गळून टक्कल पडलं, हे आपण सगळ्यांनी ऐकलं. तेव्हापासून फणीत चार केस जास्त दिसले तरी गटाच्या बैठकीत काळजी निघते. मग कुणी महागाचं तेल मागवतं. पैसे घालवण्याआधी एक करा. फणीतला केस उजेडात धरून बघा.

एका टोकाला बारीक पांढरा ठिपका असेल, तर तो मुळातून गळालेला केस. दिवसाला ५० ते १०० केस असे गळणं नेहमीचंच आहे. त्याहून फार गळत असतील, थकवा येत असेल, तर आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासून घ्या. अंगात रक्त कमी असलं तरी केस गळतात. त्याला तेल काय करणार?

केस आखूड असेल आणि ठिपका नसेल, तर तो मधेच तुटलेला. हे तुटणं बहुतेक वेळा आपल्याच हातानं होतं. पहाटे न्हायचं, ओल्या केसांतून घाईनं फणी ओढायची, गच्च अंबाडा बांधून खुरपणीला पळायचं. ओला केस कमजोर असतो, ताणला की तुटतो.

म्हणून गुंता न्हाण्याआधीच काढा. आधी बोटांनी, मग मोठ्या दातांच्या फणीनं, टोकाकडून वर मुळाकडे. न्हाल्यावर केस झटकू नका, जुन्या सुती लुगड्याच्या फडक्यानं टिपून घ्या. वाळल्यावर सैल वेणी घाला. नोटांना लावायचं रबर केसांना नको, कापडाची पट्टी बांधा. बोअरच्या जड पाण्यात अंगाच्या साबणाचा साका केसांवर बसतो, केस राठ होऊन गुंततात. त्यापेक्षा शिकेकाई किंवा थोडा शाम्पू बरा.

आणि तेल? मुंबईतल्या संशोधकांनी २००३ मध्ये छापलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफुलाचं आणि खनिज तेल केसांवर लावून पाहिलं होतं. केसांतल्या प्रथिनांची झीज फक्त खोबरेलानं कमी झाली, कारण ते केसाच्या आत शिरतं. तेव्हा न्हाण्याआधी थोडं साधं खोबरेल लावा, पुरे.

केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. कमरेपर्यंतच्या वेणीचं टोक पाच-सहा वर्षं जुनं असतं. तुटलेलं काही सांधता येत नाही, राहिलेलं जपता येतं. उद्या शाळेच्या घाईत लेकीची वेणी घालताना हात जरा हलका ठेवा.