दृष्टीचा पहिला क्षण : प्रकाशसंवेदी प्रथिने आणि अतिशीघ्र लेझर

पेडणे तालुक्यातील मांद्रे गावच्या किनाऱ्यावर हिवाळ्याच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे रात्री वाळूवर येतात, खड्डा करून त्यात शंभराच्या आसपास अंडी घालतात व खड्डा बुजवून समुद्रात परत जातात. सुमारे दीड ते दोन महिन्यांनी अंड्यांतून पिल्ले बाहेर पडतात आणि कोणी वाट दाखविली नसताही पाण्याकडे धाव घेतात. हे त्यांना कसे समजते? उघड्या किनाऱ्यावर रात्री समुद्राच्या बाजूचे क्षितिज माडांच्या व सुरूंच्या काळोख्या रांगेपेक्षा अधिक उजळ असते. पिल्ले त्या उजेडाच्या रोखाने चालतात. जमिनीच्या बाजूला प्रखर दिवे असतील तर हाच नियम त्यांच्या नाशास कारण होतो. पिल्ले उलट दिशेला वळतात व सकाळच्या उन्हात, किंवा कुत्र्या-कावळ्यांच्या तावडीत सापडून मरतात. केंद्र सरकारच्या २०११ च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेत मांद्रे, मोरजी, आगोंद व गालजीबाग या किनाऱ्यांचा कासवांच्या विणीची ठिकाणे म्हणून नामनिर्देश करण्यात आला, तो ही जागा जपावी म्हणूनच.

पिल्लाच्या डोळ्यात उजेड शिरला आणि त्याचे पाऊल वळले, या दोन घटनांच्या दरम्यान नेमके काय घडते, हा प्रश्न वरकरणी साधा वाटतो. त्यातील अगदी पहिल्या पायरीचा शोध घेण्यास मात्र शंभराहून अधिक वर्षे लागली, आणि ती पायरी मोजण्यासाठी मानवाला आजवर बनविता आलेल्या अत्यंत अल्पजीवी प्रकाशस्पंदांचा उपयोग करावा लागला.

जांभळे द्रव्य

१८७६ साली फ्रांट्स बोल या जर्मन शास्त्रज्ञास असे आढळून आले की, अंधारात ठेवलेल्या बेडकाच्या डोळ्यातील पडदा तांबूस-जांभळा असतो आणि उजेडात आणताच तो फिका पडत जातो. हे रंगद्रव्य म्हणजेच ऱ्होडॉप्सिन होय. दृष्टिपटलावरील ज्या दंडपेशी मंद प्रकाशात पाहण्याचे काम करतात, त्यांत ते ठासून भरलेले असते. गुरांच्या डोळ्यातील ऱ्होडॉप्सिन ३४८ ॲमिनो आम्लांच्या साखळीचे असून ती साखळी पेशीच्या पटलातून सात वेळा आरपार जाते. या सात वेढ्यांच्या मधोमध रेटिनल नावाचा एक लहान रेणू बसविलेला असतो. प्रकाश शोषण्याचे काम हा लहान रेणूच करतो. प्रथिन त्याला धरून ठेवते व त्याच्यात झालेला बदल पुढे कळविते.

रेटिनल हे अ जीवनसत्त्वापासून तयार होते. जॉर्ज वाल्ड यांना १९३३ साली दृष्टिपटलात अ जीवनसत्त्व सापडले आणि पुढील संशोधनाबद्दल त्यांना १९६७ च्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. आहारात अ जीवनसत्त्व कमी पडले की प्रथम रातांधळेपणा का येतो, याचे उत्तर येथे मिळते. दंडपेशींत प्रथिन असते, परंतु त्यात बसवावयास रेटिनल पुरेसे नसते. दिवसा मुलाचे चालणे-फिरणे ठीक असते; तिन्हीसांजेला ते दाराच्या उंबऱ्याला अडखळू लागते. तांबडी भाजी, शेवग्याचा पाला, पिकलेली पपई, आंबा, अंड्याचा बलक यांपासून अ जीवनसत्त्व मिळते. मोरीच्या यकृताचे तेल तर त्याचा मोठाच साठा होय. १९७० पासून देशात बालकांना अ जीवनसत्त्वाचे डोस देण्याची राष्ट्रीय योजना राबविली जात आहे. नवव्या महिन्यात गोवराच्या लशीबरोबर १ लाख एककांचा पहिला डोस आणि नंतर पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख एकके असे तिचे प्रमाण आहे. अंगणवाडीत चमच्याने पाजले जाणारे ते पिवळसर औषध पुढे रेटिनल होऊन मुलाच्या डोळ्यात पोहोचते, ही गोष्ट शिक्षकांनी पालकांस अवश्य सांगण्याजोगी आहे.

अंधारात प्रथिनाच्या आत असलेला रेटिनलचा रेणू एका जागी वाकलेला असतो. प्रकाशाचा एक कण त्याने शोषला की तो बाक उलगडून रेणू सरळ होतो. पकडीत वाकवून धरलेली वेताची काठी सुटावी, तसा हा प्रकार आहे. सरळ झालेला रेणू आतून प्रथिनावर दाब देतो, प्रथिनाचा आकार बदलतो, त्याला स्पर्श करणारी दुसरी प्रथिने जागी होतात आणि शेवटी पेशीतील विद्युत्प्रवाहात फरक पडून मज्जातंतूकडे संदेश जातो. ही पुढची साखळी सेकंदाच्या काही शतांश भागांत घडते. पहिला बाक मात्र किती वेळात उलगडतो?

वेळ मोजण्याचे साधन

चटकन होणारी गोष्ट पाहावयाची तर तिच्याहून चटकन मिटणारा डोळा हवा. फिरत्या पंख्याची पाती छायाचित्रात स्पष्ट यावयाची असतील, तर कॅमेऱ्याची झडप क्षणार्धात उघडून मिटली पाहिजे. रेणूंच्या बाबतीत कोणतीही यांत्रिक झडप उपयोगी पडत नाही. तेथे प्रकाशाचीच झडप करावी लागते. नॉरिश व पोर्टर यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस दिव्याच्या झगमगाटाने रासायनिक क्रिया सुरू करून दुसऱ्या झगमगाटाने ती पाहण्याची रीत काढली. त्यांनाही १९६७ सालीच, रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. त्यांचे दिवे सेकंदाच्या हजाराव्या किंवा दहालाखाव्या भागापर्यंत पोहोचत. १९६० साली लेझरचा शोध लागल्यावर ही मर्यादा झपाट्याने मागे पडली. १९७२ मध्ये ऱ्होडॉप्सिनवर पिकोसेकंदाच्या, म्हणजे सेकंदाच्या एक लक्ष कोटीव्या भागाच्या, मापाचे प्रयोग झाले. त्या वेळी उपकरणाची दृष्टी ६ पिकोसेकंदांच्या आत पाहू शकत नव्हती, आणि क्रिया त्यापूर्वीच उरकलेली होती. घरी पोहोचावे तर पाहुणा निघून गेलेला आढळावा, अशी शास्त्रज्ञांची स्थिती झाली.

१९८० च्या दशकात फेम्टोसेकंदाचे स्पंद हाती आले. पिकोसेकंदाचा हजारावा भाग तो फेम्टोसेकंद. एक सेकंद आणि सुमारे ३ कोटी १७ लाख वर्षे यांचे जे प्रमाण, तेच एक फेम्टोसेकंद व एक सेकंद यांचे. एवढ्या अवधीत प्रकाशही मिलिमीटरच्या दहा हजार भागांपैकी तीनच भाग पुढे सरकतो. याच गोष्टीचा प्रयोगात मोठ्या खुबीने उपयोग केलेला आहे.

लेझरमधून निघालेला प्रत्येक स्पंद आरशाने दोन भागांत विभागला जातो. एक भाग सरळ नमुन्यावर पडतो व क्रिया सुरू करतो. त्यास उद्दीपक स्पंद म्हणता येईल. दुसरा भाग सरकत्या आरशांवरून वळसा घालून येतो आणि त्याला जेवढे अंतर जास्त पडले तेवढाच तो उशिरा पोहोचतो. आरसा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका मागे सरकविला की, जाण्यायेण्याचे अंतर धरून, शोधक स्पंदास सुमारे ६७ फेम्टोसेकंदांचा विलंब होतो. म्हणजे घड्याळाऐवजी मोजपट्टीने वेळ मोजावयाची. शोधक स्पंदातील कोणत्या रंगाचा प्रकाश नमुन्याने शोषला, हे वर्णपटमापकाने पाहतात. जो रंग शोषला जातो त्यावरून रेणू त्या क्षणी वाकलेला आहे की सरळ झाला आहे, हे कळते. एका विलंबाला एक चित्र, असे करीत आरसा कणाकणाने सरकवून चित्रांची मालिका तयार करतात. मालिका एकाच रेणूची नसते. प्रत्येक चित्र असंख्य रेणूंवर नव्याने केलेल्या क्रियेचे असते, आणि ऱ्होडॉप्सिन एकदा उजळले की निकामी होत असल्याने नमुना सतत वाहता ठेवून दर वेळी ताजा भाग लेझरपुढे आणावा लागतो.

१९९१ साली अमेरिकेत बर्कली येथे शोनलाइन, पेटियानू, मॅथीस आणि शँक यांनी हा प्रयोग केला. ५०० नॅनोमीटर लांबीच्या हिरवट प्रकाशाचा ३५ फेम्टोसेकंदांचा उद्दीपक स्पंद व १० फेम्टोसेकंदांचा शोधक स्पंद त्यांनी वापरला. २०० फेम्टोसेकंदांच्या आत ५४० ते ५८० नॅनोमीटरच्या पट्ट्यात नवे शोषण दिसू लागले. ते सरळ झालेल्या रेटिनलचे होते. दृष्टीची पहिली पायरी एवढ्याच वेळात पुरी होते. निसर्गातील सर्वांत जलद प्रकाशरासायनिक क्रियांपैकी ही एक आहे.

इतकी घाई कशासाठी? प्रकाशकणाने दिलेली ऊर्जा रेणूजवळ फार काळ राहत नाही. ती उष्णतेच्या रूपाने निसटून जाते किंवा पुन्हा प्रकाश होऊन बाहेर पडते. बाक उलगडण्याची क्रिया या गळतीच्या आधीच आटोपली तर ऊर्जा वाया जात नाही. डोळ्यातील ऱ्होडॉप्सिनने शोषलेल्या दर शंभर प्रकाशकणांपैकी सुमारे ६५ कामी येतात. तेच रेटिनल प्रथिनातून काढून साध्या द्रावणात ठेवले की क्रियेस कित्येक पिकोसेकंद लागतात आणि यशाचे प्रमाण बरेच उतरते. यावरून प्रथिनाचा कोश हा निव्वळ डबा नाही, तो रेटिनलला आधीच पिळून योग्य दिशेने सुटण्यास सज्ज ठेवतो, असे अनुमान निघते. आणि एवढा सज्ज असूनही अंधारात तो उगाच सुटत नाही. एखादा ऱ्होडॉप्सिन रेणू प्रकाशावाचून आपोआप उलगडण्याचा प्रसंग शेकडो वर्षांतून एकदा येतो. काळोखात खोटा उजेड न दिसण्याचे कारण हेच.

आगरवाड्याचे मिठागर

याच जातीचे दुसरे प्रथिन पाहावयाचे तर मांद्र्याहून फार दूर जावयास नको. शापोरा नदीकाठी आगरवाडा येथे मिठागरे आहेत. उन्हाळ्यात जेथे पाणी अतिशय खारट होते, अशा मिठागरांच्या वाफ्यांत गुलाबी छटा येते. ती मुख्यतः मीठप्रिय सूक्ष्मजीवांच्या तांबड्या रंगद्रव्यांमुळे येते. गोव्यातील मिठागरांतून असे जीव वेगळे काढून त्यांचा अभ्यास गोवा विद्यापीठात झालेला आहे. या कुळातील काही जीवांच्या पटलात बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन नावाचे जांभळे प्रथिन असते. त्याचा शोध ओस्टरहेल्ट व स्टोकेनियस यांनी १९७१ साली लावला. यातही रेटिनलच असते. मात्र ते अंधारात सरळ असून प्रकाशाने वाकते, आणि ही क्रिया सुमारे ५०० फेम्टोसेकंदांत होते. प्रत्येक वाकण्याबरोबर हायड्रोजनचा एक भारित कण पेशीबाहेर ढकलला जातो व त्या दाबावर पेशी आपली ऊर्जा तयार करते. सुमारे १० मिलिसेकंदांत प्रथिन मूळ स्थितीत परत येते, म्हणून तोच नमुना पुनःपुन्हा वापरता येतो. प्रयोगशाळांत या प्रथिनाचा एवढा लळा असण्याचे हे एक कारण.

वनस्पतींत प्रकाश ओळखण्याचे काम फायटोक्रोम हे प्रथिन करते. त्यात रेटिनल नसून वेगळाच रेणू असतो. नांगरटीच्या वेळी जमिनीत पुरलेल्या तणाच्या बियांना क्षणभर ऊन लागते आणि त्या रुजून येतात, त्यामागे फायटोक्रोम असतो. २००९ साली फायटोक्रोमच्या पहिल्या पायरीचा अभ्यास फेम्टोसेकंद रामन पद्धतीने प्रसिद्ध झाला. या पद्धतीत रंगाऐवजी रेणूच्या बंधांची थरथर नोंदविली जाते. त्या निबंधाचे पहिले लेखक ज्योतिष्मान दासगुप्ता पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अध्यापक झाले. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातही अतिशीघ्र लेझरवर काम चालते. २०२१ मध्ये परदेशात आनुवंशिक विकाराने अंध झालेल्या एका रुग्णाच्या दृष्टिपटलात शेवाळातील प्रकाशसंवेदी प्रथिनाचे सुधारित रूप उतरवून, खास चष्म्याच्या साहाय्याने, त्यास समोरच्या वस्तू ओळखण्याइतपत दृष्टी परत देण्यात आली.

कासवांच्या डोळ्यातही ऱ्होडॉप्सिन असते. हिरव्या समुद्री कासवाच्या दंडपेशींतील ऱ्होडॉप्सिन सुमारे ५०२ नॅनोमीटर लांबीचा, म्हणजे निळसर हिरवा, प्रकाश सर्वाधिक शोषते. तांबड्या टोकाकडे हे शोषण झपाट्याने घटत जाते. पांढऱ्या दिव्यात निळ्या-हिरव्या प्रकाशाचा भाग मोठा असतो. म्हणून विणीच्या किनाऱ्याजवळ दिवा लावणे भागच असेल तर तो पिवळट-तांबूस रंगाचा, कमी उंचीवर, समुद्राच्या बाजूने झाकलेला व शक्य तितका मंद असावा, असे तज्ज्ञ सांगतात. नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत किनाऱ्यालगतच्या घरांनी, खाणावळींनी आणि पंचायतीच्या दिव्यांनी एवढे पथ्य पाळल्यास पुरते. खड्डा आढळल्यास त्यास हात न लावता वनखात्याच्या रक्षकास कळवावे. पिल्ले बाहेर पडत असताना विजेरी किंवा मोबाइलचा प्रकाश त्यांच्यावर टाकू नये.