नळाचा दिवस आणि कुंडीची तहान

मुकुंदवाडीत नळाला पाणी येण्याचा दिवस हा घरोघरी धावपळीचा दिवस असतो. पैठणच्या जायकवाडी जलाशयातून शहरात येणारे पाणी रोज मिळत नाही. टाकी, पिंप, हंडे भरून झाले की उरलेली बादली दिवाणखान्यातील मनीप्लांटच्या वाट्याला येते. पुढचे पाणी कधी येईल याची शाश्वती नसल्याने कुंडी काठोकाठ भरली जाते. यात माया असते खरी; परंतु घरातील रोपे तहानेपेक्षा या मायेनेच अधिक दगावतात.

मुळांनाही हवा लागते. माती सतत चिंब राहिली की मुळे गुदमरून कुजतात. कुजलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत, म्हणून पाने पिवळी पडून मान टाकतात. घरच्यांना ते तहानेचे लक्षण वाटते आणि आणखी एक तांब्या ओतला जातो.

श्रावकाच्या घरी प्रश्न एवढ्यावर थांबत नाही. ओल्या मातीत बारीक चिलटे अंडी घालतात, कुंडीखालच्या बशीत डासांच्या अळ्या होतात, आणि अखेर फवारणीचा डबा हाती घेण्याचा प्रसंग येतो. वनस्पती व पाणी या दोहोंत जीव मानणाऱ्या घराला तो जड जातो. जीवोत्पत्तीच होऊ न देणे ही येथील जयणा. तिला साधन लागते ते केवळ एका बोटाचे. दोन पेरे मातीत घालून पाहावे. ओल लागली तर पाणी देऊ नये. स्नेक प्लांट, कोरफड यांची माती तर पूर्ण सुकू द्यावी. पाणी घातल्यावर ते तळाच्या छिद्रातून निथळू द्यावे व बशी लगेच रिकामी करावी. छिद्र नसलेली देखणी कुंडी रोपाच्या काहीच कामाची नाही.

डाळ-तांदूळ धुतलेले ताजे पाणी रोपांना चालते. आरओ यंत्रातून वाया जाणारे किंवा कूलरच्या तळाशी उरलेले पाणी मात्र क्षारयुक्त असते. मातीवर पांढरा थर चढतो. ते फरशी पुसण्यास वापरावे. मे महिन्यात पारा 40 अंशांपलीकडे जातो, तेव्हा पश्चिमेच्या खिडकीतून व कूलरच्या झोतातून कुंड्या हलवाव्यात. चातुर्मासात हवा दमट असते. दोन पाण्यांतील अंतर वाढवावे.

यात्रेला निघताना कुंड्या भिंतीच्या सावलीत एकत्र ठेवाव्यात. जाड सुती वातीचे एक टोक झाकण घातलेल्या पाण्याच्या भांड्यात व दुसरे मातीत खोचावे. रोप लागेल तेवढेच पाणी ओढून घेते.